मगनआप्पांनी मोजलेलं गाव

‘एक्स्पायर्ड’ हा शब्द दिसला की मगनआप्पा जागेवरून उठत. हातातला कागद तसाच धरून ते ज्या कारकुनाने तो लिहिला असेल त्याच्या मेजापर्यंत चालत जात आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, की बाबा रे, हा माणूस मेला की याची मुदत संपली? कारकून ओशाळून हसे, आजूबाजूचे हसत. आप्पा हसत नसत. समोरचा तो शब्द खोडून तिथे ‘डाइड’ लिहीपर्यंत ते हलत नसत. मग अहिराणीत, अगदी शांतपणे म्हणत, “मानूस मरस. परवाना सरस. दोन्हीसले एक सबद चालत नही.”

मगन दगडू पाटील हे आमच्या कचेरीतले भाषांतर-कारकून. तापीकाठच्या शेतकरी घरातले, उंच, काळेसावळे. बोटं नांगर धरणाऱ्याची आणि अक्षर मात्र छापल्यासारखं. चष्म्याची एक दांडी मोडलेली होती, तिथे दोरा बांधून तो दोरा कानामागे अडकवत. दुपारी भाकरीबरोबर नंदुरबारची लाल मिरची नुसती चावून खात आणि डोळ्यांत पाणी आलं तरी काही झालंच नाही असं दाखवत. इंग्रजीचा कोश जुन्या पागोट्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे. गावोगावच्या पाटलांचे, तलाठ्यांचे मराठी कागद इंग्रजी करून प्रांतसाहेबाकडे पाठवायचे आणि साहेबाचे हुकूम मराठी करून खाली उतरवायचे, हे त्यांचं काम. कचेरी कोणत्या गावची ते मी इथे लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांची मुलं-नातवंडं आज चांगल्या जागांवर आहेत, आणि मीही अजून सरकारचंच मीठ खातो.

मी धुळ्याहून इंग्रजी शाळा संपवून त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. मला इंग्रजी येतं असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात आप्पांनी माझ्यासमोर चार जुनी विवरणं टाकली आणि त्यांत मरण कुठे कुठे आहे ते शोधायला सांगितलं. मी शोधलं. एक साहेब विलायतेला जाताना वारला होता, तो ‘पास्ड अवे’. एका इनामदाराचे वडील ‘लेट लॅमेंटेड’. सपाटीवरचा एक पाटील ‘डिसीज्ड’. डोंगरातली माणसं ‘पेरिश्ड’, आणि त्याच पानावर दोन ओळी खाली बुळकांडीने मेलेली गुरं, तीही ‘पेरिश्ड’.

आप्पा म्हणाले, बघ, यांनी मरणाचीसुद्धा पंगत मांडली आहे. कोणाला पाटावर बसवायचं, कोणाला उंबऱ्याबाहेर, सगळं ठरलेलं. मी म्हणालो की इंग्रजीत तशी पद्धतच असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी शाळा संपल्याचा अभिमान तिथेच गुंडाळून ठेवावासा वाटला.

हे केवळ शब्दांचं वेड नव्हतं, हे मला एका अपघाताच्या कागदावरून कळलं. घाटात सागाच्या ओंडक्यांची गाडी उलटली होती. अहवालात नुकसान लिहिलं होतं: गाडी एक, बैल दोन. आप्पांना कोतवालाकडून कळलं होतं की ओंडक्यांखाली दोन माणसंही गेली. त्यांनी ती नावं मिळवली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिली. आमचे अव्वल कारकून संतापले. ती माणसं ठेकेदाराची होती, सरकारची नव्हती, त्यांची नोंद आपल्या विवरणात कशाला, असं त्यांचं म्हणणं. आप्पांनी एवढंच विचारलं, “बैल तरी सरकारना व्हतात का?” अव्वल कारकुनांनी ती दोन नावं दुसऱ्या दिवशी खोडली. आप्पांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली. तो कागद शेवटी वर कोणत्या रूपात गेला ते मला माहीत नाही.

मग मानमोडीची साथ आली. लढाई संपत आली होती आणि मुंबईहून, सुरतेहून रेल्वेने ताप आला. सकाळी अंग दुखतं म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी नसायचा. आमच्या कचेरीतही दोन जागा कायमच्या रिकाम्या झाल्या. आप्पांचा धाकटा भाऊ याच तापात मेला. रजेच्या अर्जात त्यांनी लिहिलं, की माझा भाऊ मंगळवारी मेला, मला रजा हवी. अव्वल कारकुनांनी अर्ज परत करून सुचवलं, की असं उघडंबोडकं लिहू नये, ‘सॅड डिमाइज’ लिहावं, वाचणाऱ्याला बरं वाटतं. आप्पांनी अर्ज तसाच पुन्हा ठेवला आणि उत्तराची वाट न पाहता गाडीत बसून गावी गेले. आठ-दहा दिवस ते नव्हते. त्याच दिवसांत माझ्या हातून ते झालं.

डोंगराच्या बाजूला टेंभरपाडा नावाचं गाव होतं. दोन स्टेशनं गाडीने आणि पुढे चार कोस पायी. सर्कल इन्स्पेक्टर तिकडची साथ ओसरल्यावर घोड्यावरून जाऊन आले होते. झोपड्यांची छपरं खचलेली, चुली थंड, माणूस दिसला नाही. त्यांनी मराठीत लिहिलं: ‘गाव उजाड.’ भाषांतराची शाखा त्या आठवड्यात म्हणजे एकटा मी. उजाड शब्दाशी मी बराच वेळ बसलो. भूगोलाच्या पुस्तकात विझून गेलेल्या ज्वालामुखीसाठी एक शब्द वाचला होता, ‘एक्स्टिंक्ट’. उच्चारताना जिभेला मजा यायची. मला तो आवडला म्हणून मी तो लिहिला. याहून दुसरं कारण नाही. मी पुष्कळ वर्षं दुसरं कारण शोधून पाहिलं आहे.

उजाड म्हणजे माणसं उठून गेलेली जागा. माणसं उठून गेली तर परतही येतात. माझ्या शब्दात परत येणं नव्हतं. तो शब्द वाचून वर ज्याने कोणी हुकूम केला त्याने इतकंच पाहिलं, की या गावाचा वंशच बुडाला आहे. मग हक्क सांगणार कोण आणि ऐकायचे कोणाचे? टेंभरपाड्याचं शिवार, खालची भाताची खाचरं आणि वरची नागलीची शेतं, सगळं राखीव जंगलात घालावं असा हुकूम झाला. तो कागद खाली आला तेव्हा आप्पा परतले होते, पण तो मराठी करायचा नसल्याने माझ्या मेजावरून परभारे जंगलखात्याकडे गेला. त्यांच्या नजरेला पडलाच नाही. मी पाहिला होता. सही करून पोच दिली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

टेंभरपाड्याची माणसं होळीला परत आली. साथीत गावातली जवळजवळ निम्मी माणसं मेल्यावर उरलेली गुजरातच्या बाजूच्या डोंगरात सोयऱ्यांकडे निघून गेली होती. पण होळी आपल्याच शिवारात पेटली पाहिजे म्हणून आली. होळी पेटवली, झोपड्या शाकारल्या आणि पावसाआधी शेत भाजायला म्हणून वर गेली, तर जंगलखात्याच्या नाकेदारांनी त्यांच्या कुऱ्हाडी काढून घेतल्या आणि त्यांना हाकलून दिलं. ती माणसं कचेरीत आली. आठ-नऊ पुरुष आणि त्यांच्या पुढे एक बाई, तिशी-पस्तिशीची, लुगड्याचा काचा मारलेली, जेगीबाई. तिचा नवरा गावचा कारभारी होता; तो मेल्यावर गाव तिला विचारू लागलं होतं.

अव्वल कारकुनांनी दप्तर काढून पाहिलं आणि कोतवालाला म्हणाले, यांना सांग, असं गावच नाही. आमचा कोतवाल डोंगरातलाच. त्याने तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. समोर उभ्या असलेल्या माणसांना तुम्ही नाही आहात हे त्यांच्या बोलीत कसं सांगायचं ते त्याला सुचेना. अव्वल कारकून हसले. म्हणाले, सांग की कागदावर सगळे मेलेत, आता इथे भुतं आली असतील तर सरकार काय करणार. दोन-चार कारकूनही हसले. मी हसलो नाही, पण खाली मान घालून लिहीत राहिलो, आणि आज मला त्या हसण्याहून माझ्या लिहीत राहण्याचा जास्त संताप येतो.

आप्पा उठले. दप्तर अव्वल कारकुनांच्या हातातून त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतलं. वाचलं. अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागायचं कारण नव्हतं. ते माझ्यापाशी आले. या वेळी त्यांनी कचेरीला ऐकू जाईल असं काही विचारलं नाही. माझ्या मेजावर हात टेकून, वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “तू एक सबद लिखा, नि गाव मारी टाकं.”

मी पुटपुटलो, की आप्पा, मला त्याचा अर्थ नीट ठाऊक नव्हता.

“मतलब माहीत नही, तरी लिखा?”

ते कोतवालाकडे वळले आणि त्या माणसांना सांगायला लावलं, की परवा सगळ्यांनी गावात थांबा, कोणी कुठे जाऊ नका. आम्ही दोघं मोजायला येतो.

तिकडे जाताना गाडीत मी वाट पाहत होतो, की आप्पा मला बोलतील. त्याऐवजी त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या सरकारी कामावर गेले आणि तिथेच मेले. आप्पा तेव्हा धुळ्याला शिकत होते. पुढे नोकरीत लागल्यावर जुनी दप्तरं आवरताना त्यांना त्या कामाची हजेरी सापडली. वडिलांच्या नावापुढे शेरा होता ‘डिस्चार्ज्ड’. म्हणजे कामावरून कमी केला. आप्पा म्हणाले, त्या दिवशी मी इंग्रजी शिकलो. तोपर्यंत नुसतं येत होतं.

टेंभरपाड्यात नऊ झोपड्या उभ्या होत्या. छपरांवरचा पाला अजून हिरवा होता. आप्पा एका मोहाखाली दगडावर बसले आणि बरोबर आणलेल्या कोतवालाकरवी त्यांनी सांगितलं, की लांबून डोकी मोजायची नाहीत. एकेकाने पुढे यायचं, स्वतःचं नाव स्वतः सांगायचं, बापाचं किंवा नवऱ्याचं सांगायचं. ज्याला बोलता येत नाही त्याचं आईने सांगायचं. मी लिहीत होतो. म्हातारा पुढे आला तर आप्पा अर्धवट उठून त्याला राम राम करत. बेचाळीस नावं झाली. मग एका झोपडीच्या दारात झोळी हलताना दिसली. झोळीत आठ दिवसांची मुलगी होती. तिचं नाव अजून ठेवलं नव्हतं, म्हणून तिला सोडून द्या असं तिची आईच म्हणाली. आप्पांनी ऐकलं नाही. अमक्याची मुलगी, असं लिहायला लावलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, की ही तर गाव संपल्यावर जन्माला आली. एवढे दिवस मी त्यांच्याबरोबर होतो, त्यांना मोठ्याने हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही कागद आवरायला लागलो तेव्हा जेगीबाई उठली. कोतवालाला काही म्हणाली. कोतवालाने मराठीत सांगितलं, की बाई म्हणते, मेलेलेही लिहा.

आप्पांनी विचारलं, की पोलीस पाटलाने साथीत नोंद केली असेलच ना? बाई म्हणाली, पाटीलच पहिला मेला. लिहिणाराच मेला, मग कोण लिहिणार? माणसं मरत गेली आणि कोणी लिहिली नाहीत.

आप्पा पुन्हा दगडावर बसले. जेगीबाई उभ्याने नावं सांगू लागली. कोण, कोणाचा कोण, कोणत्या दिवशी, आणि कुठे पुरला: चिंचेखाली, नाल्याच्या वळणावर, खळ्याच्या मागे. कोणी रडलं नाही. स्वतःच्या दोन मुलांची नावं तिने मध्येच, इतरांच्या ओळीत सांगितली आणि पुढच्या नावाकडे गेली. पाच-सहा नावांपुढे ‘डाइड’ लिहिल्यावर मी खाली नुसत्या दोन रेघा ओढायला लागलो, वरच्यासारखंच असं दाखवणाऱ्या, कचेरीत ओढतात तशा. आप्पांनी माझा हात धरला. म्हणाले, त्या एका माणसासारखा दुसरा मेलेला नाही. पुरा शब्द लिही. एकतीस माणसं होती. मी एकतीस वेळा पुरा शब्द लिहिला.

परत आल्यावर कचेरीत जे सुरू झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. चूक झाली आहे हे सगळ्यांना कळलं होतं. पण हुकूम वरून झालेला होता, आणि वरच्याला चुकीच्या कागदावर सही करायला लावली हे कबूल करायला कोणी तयार नव्हतं. अव्वल कारकुनांनी एक तोड काढली, आणि ती त्यांना फार शहाणपणाची वाटत होती. गाव नाहीसं झालं हे तसंच ठेवावं. आता जी माणसं दिसताहेत ती बाहेरून येऊन राखीव जंगलात घुसलेली आहेत असं लिहावं. मग सरकारने दया म्हणून थोडी जमीन दिली तर देवो. आप्पांनी मसुदा वाचून परत दिला. म्हणाले, माणसं तिथेच जन्मली, त्यांची माणसं तिथेच पुरलेली आहेत, आणि तुम्ही त्यांना चोर करून मग भीक घालणार? मी हे इंग्रजीत करणार नाही.

प्रांतसाहेबाचा मुक्काम तेव्हा तीन कोसांवर एका आमराईत होता. आप्पा कोणाची परवानगी न घेता तिकडे गेले. मला आणि कोतवालाला बरोबर घेतलं. टेंभरपाड्याची चालू शकणारी सगळी माणसं आप्पांच्या निरोपावरून आदल्या दिवशीच निघून तिथे येऊन बसली होती.

साहेब तरुण होता, वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण सगळा दोष एका वाईट माणसावर टाकता आला असता तर मला बरं झालं असतं. तो मेजावर नकाशा पसरून बसला होता. आप्पांनी इंग्रजीत सांगितलं, की साहेब, टेंभरपाड्याची जी माणसं सरकारी कागदावर एक्स्टिंक्ट झाली आहेत ती बाहेर आली आहेत आणि त्यांना आपल्याशी बोलायचं आहे. साहेबाला आधी हसू आलं. मग कागद पाहिल्यावर ते गेलं. म्हणाला, हुकूम झालेला आहे, हा प्रश्न आता मेला. त्याने शब्दही तोच वापरला, डेड. आप्पा म्हणाले, की साहेब, प्रश्न मेलेला नाही. तो आमराईत बसला आहे.

साहेबाने विचारलं, की ही माणसं त्याच गावची कशावरून? कोणीही कुठूनही चाळीस माणसं गोळा करून आणील. कोतवालाने हे जेगीबाईला सांगितलं. ती तोवर खाली बसली होती. उठून थेट साहेबाकडे बघत बोलली, आणि कोतवालाने घाबरत घाबरत ते मराठीत आणलं, “माझ्यासंगं चल. एकतीस जागा दाखवते. कोणती जागा कोणाची ते सांगते. खोटं निघालं तर उकरून बघ.”

आप्पांनी ते इंग्रजीत केलं. एक अक्षर मऊ केलं नाही. साहेब दुसऱ्या दिवशी खरोखरच गेला. चिंचेखालच्या मातीच्या ढिगाऱ्यांपाशी त्याने टोपी काढली, हे मी पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, की झालं, सुटलं.

हुकूम पंधरा दिवसांनी आला. खालची भाताची खाचरं परत द्यावीत. वरची शेतं जंगलातच राहतील. आणि मूळ कागदावरचा शब्द खोडता येणार नाही, कारण त्यावर सह्या झालेल्या आहेत. समासात शेरा घालावा की गाव ‘नंतर पुन्हा वसलेलं’ आहे. नंतर पुन्हा वसलेलं. म्हणजे ती माणसं पहिल्या गावची कोणी नाहीत. आधीचं गाव मेलं, हे नवे आलेले. त्यांना जे मिळालं ते सरकारच्या मर्जीने मिळालं आणि वरच्या शेतांवर त्यांचा काही हक्क उरला नाही. त्या टोपी काढणाऱ्या माणसाने चांगल्या अक्षरात, चांगल्या मनाने हे लिहिलं होतं. कचेरीत सगळे म्हणाले की साहेबाने फार मोठं मन दाखवलं. अव्वल कारकुनांनी पेढे आणवले नाहीत इतकंच.

आप्पांनी तो शेरा घालायला नकार दिला. त्याऐवजी त्यांनी मूळ कागदाला एक पुरवणी जोडली. त्रेचाळीस नावं, एकतीस नावं, आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की ही माणसं मध्यंतरी कधीही संपलेली नव्हती. हाताखालच्या कारकुनाने साहेबाच्या हुकुमावर असं लिहिणं म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चौकशी लागली. त्यात पहिलाच प्रश्न होता, की मुळात तो शब्द लिहिला कोणी? मी बाहेर बाकावर बसून होतो, मला आत बोलावतील म्हणून. बोलावलंच नाही. नंतर कळलं, आप्पांनी जबाबात लिहून दिलं होतं, की शाखा माझी, शब्द माझा. त्या दिवसांत ते गावाला होते हे रजेच्या अर्जावरून कोणालाही दिसलं असतं. पाहायचं कोणाला होतं? त्यांना आप्पाच नको होते.

नोकरीवरून दूर केल्याचा कागद त्यांच्या हातात पडला तेव्हा मी शेजारी उभा होतो. आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही, अशा अर्थाचं सुबक इंग्रजी होतं. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी केली आणि म्हणाले, “व्याकरन चुकेल नही.” मग कोश फडक्यात गुंडाळला, काखेत मारला आणि पाच वाजेपर्यंत थांबायचं म्हणून थांबले. मी म्हणालो, आप्पा, मी आत जाऊन खरं सांगतो. ते म्हणाले, आता सांगून दोघंही बाहेर पडू. तू आत राहा. सांगायचंच असेल तर जेगीबाईला सांग. तिचं गाव होतं.

पुढे ते तापीकाठी शेती करत राहिले. मी वर्ष-दोन वर्षांनी त्यांच्याकडे जात असे. जेवायला घालत, कापूस दाखवत, नातवाला इंग्रजी शिकवत असत ते ऐकवत. पण मी ओसरीवर बसलो की पहिला प्रश्न ठरलेला, “तिले सांगं का?” मी नाही म्हणत असे. ते पाणी मागवत. असं एकदा नाही, वीस-पंचवीस वर्षं चाललं. मी अव्वल कारकून झालो. माझ्या हाताखाली भाषांतर-कारकून आले. मी त्यांना आप्पांच्या गोष्टी सांगत असे, आणि सांगताना माझ्या शब्दाचा भाग गाळत असे. टेंभरपाडा माझ्याच हद्दीत, दोन स्टेशनं आणि चार कोसांवर. मला जायला सवड मिळाली नाही, असं मी म्हणत असे.

मागच्या भादव्यात आप्पा मेले. मला महिन्याने कळलं. त्यानंतर मी टेंभरपाड्याला गेलो.

जेगीबाई आता साठीला आली आहे. तिला मराठी बऱ्यापैकी येतं. खालच्या शाळेतल्या मुलांकडून शिकली असं म्हणाली. तिने मला ओळखलं नाही. मी सांगितलं, की मी मोजायला आलो होतो. मग ओळखलं. आप्पा मेल्याचं सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग मी उरलेलं सांगितलं. की तो पहिला कागद आप्पांनी नाही, मी लिहिला होता. एक शब्द होता. मला तो नीट माहीत नव्हता.

मी रागाची तयारी ठेवली होती. खरं सांगायचं तर क्षमेचीही ठेवली होती, कारण इतक्या वर्षांनी माणूस कबूल करायला येतो तो काहीतरी घेऊनच परत जायचं म्हणून येतो. तिने दोन्हीतलं काही दिलं नाही. शांतपणे विचारलं, “लिहिणारा तूच ना?”

मी हो म्हणालो.

“मग वरची शेतं परत लिहून दे.”

मी समजावू लागलो, की तसं होत नाही, माझ्या हातात तेवढं नसतं, तो हुकूम साहेबाचा, साहेब विलायतेला गेला. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं. मी कागद काढला. तिला वरच्या शेतांची नावं विचारली. प्रत्येकाला वेगळं नाव होतं. ती सांगत गेली, कोणतं कोणाचं, कोणत्या नाल्यापासून कोणत्या खडकापर्यंत, आणि मी लिहिलं. खाली अर्जदार म्हणून तिचा अंगठा घेतला आणि लिहिणाऱ्याच्या जागी माझी सही केली.

सरकारी नोकराने सरकारविरुद्ध अर्ज लिहायचा नसतो. मामलेदारांनी बोलावून प्रेमाने समज दिली, की पेन्शनीला थोडीच वर्षं राहिली आहेत. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, की दप्तर पाहता सदर गाव नंतर वसलेलं असून वरच्या जमिनीशी त्याचा संबंध दिसत नाही. मी दुसरा लिहिला. त्यात आप्पांची पुरवणी जोडली. ती दप्तरात सापडायला मला दोन महिने लागले, कारण ती वेगळ्याच गावाच्या गठ्ठ्यात घातलेली होती, आणि चुकून नव्हे. त्या दुसऱ्या अर्जाला अजून उत्तर नाही.

बाजाराच्या दिवशी जेगीबाई डोंगर उतरून येते. मीठ-मिरची घेऊन झाली की कचेरीसमोरच्या लिंबाखाली येऊन बसते. आत येत नाही, कोणाला काही विचारत नाही. माझी खिडकी कोणती ते तिने कोतवालाला विचारून घेतलं आहे. मी मान वर केली की दिसेल अशा जागी ती बसते, आणि गाडीची वेळ झाली की उठून जाते.